मदतनिधीसाठी गाड्यांचे प्रदर्शन: पहिल्यांदाच भरवणाऱ्यांसाठी

निधी उभारायला गाड्यांचे प्रदर्शन फार सोयीचे पडते. त्यातली सगळ्यात मोलाची वस्तू, म्हणजे गाडी, आयोजकाला विकत किंवा भाड्याने आणावी लागत नाही. मालक ती स्वतः धुऊन-पुसून, स्वतःचे इंधन जाळून घेऊन येतात आणि वर प्रवेशशुल्कही भरतात. प्रेक्षक गाड्या बघायला येतात, प्रेक्षक येतात म्हणून स्टॉल लागतात आणि गर्दी दिसते म्हणून प्रायोजक पैसे देतात. या साखळीची पहिली कडी गाडीवाला आहे. त्याला उन्हात रांगेत उभे केले, अरुंद जागेत कोंबले किंवा निकालासाठी संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवले, तर पुढच्या वर्षी तो येत नाही आणि मित्रांनाही येऊ देत नाही. म्हणून मैदानापासून निकालापर्यंतचा प्रत्येक निर्णय स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून घ्या.

पुढची सगळी मापे १०० गाड्या आणि दिवसभरात साधारण १,००० प्रेक्षक धरून दिली आहेत. पहिल्या वर्षी ४० ते ६० गाड्यांवर थांबलात तर उत्तमच. मापे त्या प्रमाणात कमी करा, सुरक्षेची मात्र तशीच ठेवा.

आधी पैशाचा आराखडा

निधी कोणासाठी, हे पहिल्या बैठकीतच ठरवा आणि एकच काम निवडा. "विविध सामाजिक कार्यांसाठी" असे लिहिलेल्या फलकापुढे कोणी खिशात हात घालत नाही. "या शाळेच्या ग्रंथालयासाठी" म्हटले की घालतात. ज्या संस्थेसाठी निधी गोळा करणार तिची लेखी संमती घ्या. तिचे नाव आणि बोधचिन्ह वापरायला परवानगी, किती रक्कम देणार (खर्च वजा जाता उरलेली सगळी, की ठरावीक टक्के) आणि किती दिवसांत देणार, या तीन गोष्टी त्या पत्रात हव्यात. देणगीवर करसवलतीची पावती देता येते का, हेही संस्थेला तेव्हाच विचारा, कारण मोठे देणगीदार हा प्रश्न हमखास विचारतात. प्रदर्शनासाठी वेगळे बँक खाते उघडा आणि दोन सह्यांशिवाय त्यातून पैसे निघणार नाहीत अशी सोय करा.

आता एक नियम, जो आमच्या मते बाकी सगळ्यांहून महत्त्वाचा: प्रदर्शनाचा दिवस उजाडण्याआधी सगळा खर्च प्रायोजक आणि स्टॉलभाडे यांतून भरून निघाला पाहिजे. मग त्या दिवशी गाडीवाल्यांकडून आणि प्रेक्षकांकडून येणारा सगळा पैसा थेट निधीत जातो. पाऊस आला, निम्मीच माणसे आली, तरी तोटा होत नाही. उलट गाडी हाकणारे, म्हणजे गर्दीच्या भरवशावर मांडव, ध्वनियंत्रणा आणि ट्रॉफ्या उधारीवर घेणारे, बरेचदा निधीऐवजी देणी घेऊन घरी जातात.

खर्चात मैदानाचे भाडे आणि अनामत, विमा, परवान्यांची फी, फिरती स्वच्छतागृहे, ध्वनियंत्रणा, ट्रॉफ्या, छपाई, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि सफाई धरा. त्या बेरजेवर आणखी १० ते १५ टक्के अनपेक्षित खर्चासाठी ठेवा. एवढी रक्कम जमा होईपर्यंत नुसत्या होकारावर कोणतीही मोठी ऑर्डर देऊ नका. प्रायोजकाचा पैसा खात्यात जमा झाला की तो मिळाला असे समजा.

छोट्या प्रायोजकांसाठी सगळ्यात सोपी योजना म्हणजे गटाची ट्रॉफी. दहा गट असतील तर दहा दुकानदारांना किंवा गॅरेजवाल्यांना प्रत्येकी एक ट्रॉफी द्या. ट्रॉफीवर त्यांचे नाव कोरा आणि बक्षीस त्यांच्याच हातून द्या. एका मोठ्या देणगीदाराच्या मागे सहा महिने फिरण्यापेक्षा हे लवकर जमते. मोठ्या कंपन्यांचे वर्षाचे पैसे आधीच वाटले गेलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे निदान सहा महिने आधी जा. एकाच धंद्यातल्या दोघांना घेणार असाल तर ते दोघांनाही आधी सांगा. टायरवाल्याला शेजारी दुसऱ्या टायरवाल्याचा फलक दिसला की कटुता येतेच.

प्रवेशशुल्क दोन पातळ्यांवर ठेवा: आगाऊ नोंदणीला कमी, त्या दिवशी साधारण दीडपट. या फरकाचा खरा फायदा पैशांपेक्षा तयारीला होतो. किती गाड्या येणार आणि कोणत्या गटात किती, हे तुम्हाला आठवडाभर आधी कळते. प्रेक्षकांना तिकीट लावायचे का, याचे उत्तर मैदानावर अवलंबून आहे. कुंपण आणि एकच फाटक असेल तर तिकीट लावा. चारी बाजूंनी मोकळ्या मैदानावर तिकीट विकायला गेलात तर निम्मे कार्यकर्ते माणसे अडवण्यात अडकतील. तिथे प्रवेश मोफत ठेवून देणगीच्या पेट्या ठेवणे बरे.

किती आधी काय

तारीख आणि मैदान सहा ते आठ महिने आधी ठरवा. तारीख पक्की करण्यापूर्वी आसपासच्या गाडी-क्लबांना विचारा. त्याच दिवशी दुसरे प्रदर्शन किंवा क्लबची सहल असेल तर चांगल्या गाड्या तिकडे जातील. पावसाळ्यात हा कार्यक्रम ठेवूच नका, जुन्या गाडीचा मालक भिजत्या रस्त्यावर ती बाहेर काढत नाही. परवानग्यांचे अर्ज पाच महिने आधी, छोट्या प्रायोजकांच्या भेटी चार महिने आधी, नोंदणी तीन महिने आधी सुरू. ट्रॉफ्या आणि सहभागाची स्मृतिचिन्हे सहा आठवडे आधी सांगा, कारण कोरीव नावातली चूक दुरुस्त करायला वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यात कार्यकर्त्यांची बैठक मैदानावरच घ्या. नकाशा पाहून समजलेली जागा आणि पायाखालची जागा यांत बराच फरक असतो.

हवामान बिघडले तर काय, हेही आधीच लिहून ठेवा. रद्द करण्याचा निर्णय एकाच माणसाने, आदल्या संध्याकाळी ठरलेल्या वेळेला घ्यायचा आणि तो कोणत्या ठिकाणी जाहीर होईल हे नोंदणीपत्रावर छापायचे. सहा जणांची समिती पहाटे फोनाफोनी करत बसली की निम्मे गाडीवाले निघालेले असतात.

मैदान: मापटेप घेऊन जा

साध्या पार्किंगमध्ये एका गाडीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा पुरते. प्रदर्शनात ती पुरत नाही. दारे, बोनेट आणि डिकी उघडी ठेवायची असतात, मालक शेजारी खुर्ची टाकतो आणि माणसे गाडीभोवती फिरतात. इथे ३ मीटर × ६ मीटर धरा. दोन ओळी समोरासमोर, मध्ये ६ मीटरचा रस्ता. म्हणजे १८ मीटर खोल आणि १५० मीटर लांब पट्ट्यात १०० गाड्या बसतात: २,७०० चौरस मीटर. स्टॉल, मंच, नोंदणीची जागा आणि आपत्कालीन वाट मिळून हा आकडा ४,००० ते ४,५०० पर्यंत जातो, म्हणजे एक एकर किंवा त्याहून थोडे जास्त. पट्टा तीन-चार तुकड्यांत मोडला तरी हिशेब तोच. ओळी पाठीला पाठ लावून असतील तर मध्ये निदान एक मीटर सोडा, नाहीतर डिक्या उघडणार नाहीत.

नवखे आयोजक बहुधा प्रेक्षकांच्या पार्किंगपाशी फसतात. १,००० माणसे एका गाडीत तिघे या हिशेबाने आली तर सुमारे ३३० गाड्या होतात. गर्दीच्या वेळी त्यांतल्या निम्म्या एकाच वेळी उभ्या असतील. येण्याजाण्याच्या वाटेसकट एका गाडीला २५ चौरस मीटर धरले तर ४,००० चौरस मीटरहून जास्त जागा लागते. थोडक्यात, जेवढे प्रदर्शन तेवढेच पार्किंग. ही जागा नसेल तर गाड्या आजूबाजूच्या गल्ल्यांत घुसतात, दारे अडतात आणि पुढच्या वर्षी परवानगी मिळत नाही.

जमीन डांबरी हवी की गवताची? गवत दिसायला छान आणि पायांना गार. पण ते आखूड कापलेले आणि हिरवे असेल तरच घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) आणि सायलेन्सरचा पुढचा भाग चालत्या गाडीत काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. वाळक्या उंच गवतावर तशी गाडी उभी केली की गवत पेटू शकते. प्रेक्षकांच्या पार्किंगलाही हेच लागू आहे, आणि तिकडे बघायला माणूस नसतो, म्हणून धोका तिथे जास्त. डांबरी जमिनीचा त्रास वेगळा. मांडवाच्या खुंट्या ठोकता येत नाहीत, त्यामुळे ३ × ३ मीटरच्या छत्रीवजा तंबूच्या प्रत्येक पायाला १८ ते २० किलो वजन बांधावे लागते. पाण्याच्या चार बाटल्या लटकवून भागत नाही. वाऱ्याने उचललेला तंबू शेजारच्या गाडीच्या बोनेटवर पडला तर निधीची चर्चा तिथेच संपते. ऊन्हाने डांबर मऊ झाले की मोटारसायकलचे साइड स्टँड त्यात रुततात. तळहाताएवढे प्लायवुडचे तुकडे जवळ ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याला एक द्या.

उतार पाहा. जुन्या गाड्यांचे हँडब्रेक भरवशाचे नसतात, म्हणून चाकांना लावायला लाकडी ठोकळे हवेत. फाटकातला उंचवटा, गतिरोधक आणि गटारावरची जाळी पाहा. मुद्दाम उंची कमी करून जमिनीलगत बसवलेल्या गाड्यांचा पोटाचा भाग तिथे घासतो. दोन मीटर लांबीच्या जाड फळ्या टाकून उतार सौम्य करता येतो, मात्र त्या सरकणार नाहीत असा बंदोबस्त करा. काही गाड्या ट्रेलरवरून येतील. गाडी आणि ट्रेलर मिळून १२ मीटरच्या आसपास लांबी होते आणि वळायला मोठी जागा लागते. ट्रेलरसाठी वेगळा कोपरा राखा.

अग्निशमन दलाची किंवा रुग्णवाहिकेची गाडी मैदानाच्या कोणत्याही कोपऱ्यापर्यंत पोचेल अशी निदान चार मीटरची वाट मोकळी हवी. स्थानिक दलाने जास्त सांगितली तर तेवढी. नकाशावर ती लाल रंगाने दाखवा, जमिनीवर फक्की मारा आणि एक माणूस फक्त तिच्यावर लक्ष ठेवायला नेमा. दुपारपर्यंत त्या वाटेवर कोणीतरी स्टॉलचे सामान टाकतेच.

आदल्या दिवशी दोरी ताणून फक्कीच्या रेषा मारा आणि प्रत्येक जागेला क्रमांक द्या. डांबरावर खडू चालतो, रंग वापरायचा तर मैदानमालकाला विचारून.

परवानग्या आणि विमा

ठिकाणानुसार नावे बदलतात, पण लागणारी कागदपत्रे साधारण हीच: मैदानमालकाचे लेखी पत्र, स्थानिक प्रशासनाची कार्यक्रमाची परवानगी, पोलिसांची आणि वाहतूक शाखेची परवानगी, अग्निशमन दलाची मान्यता, ध्वनिक्षेपकाचा परवाना, ध्वनिमुद्रित संगीत वाजवण्याचा परवाना आणि खाण्याच्या स्टॉलवाल्यांचे स्वतःचे परवाने. सोडतीच्या बाबतीत विशेष सांभाळा. पैसे घेऊन तिकीट विकणे आणि चिठ्ठी काढून बक्षीस देणे याला अनेक ठिकाणी लॉटरीचा कायदा लागतो, हेतू कितीही चांगला असला तरी. खात्री नसेल तर सोडत वगळा.

सार्वजनिक दायित्वाचा विमा त्या दिवसापुरता घेता येतो. त्यात मैदानमालकाचे नावही घालून घ्या, बहुतेक मालक तो आग्रह धरतात. विमा मांडामांडीच्या दिवसापासून आवराआवरीपर्यंत लागू आहे का, ते वाचा. प्रेक्षक मांडवाच्या दोरीला अडखळून पडला तर हा विमा उपयोगी पडतो. गाडीवर ओरखडा पडला तर सहसा मालकाचा स्वतःचा विमा लागतो, आणि ही गोष्ट नोंदणीपत्रात स्पष्ट लिहिलेली हवी. जुन्या गाडीतून फेरी मारण्याचा मोह होतो, पैसाही येतो. पण चालत्या गाडीतले प्रवासी या विम्यात बहुधा येत नाहीत. विमा कंपनीचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय फेऱ्या ठेवू नका.

गट आणि नोंदणीपत्र

गट मोजके ठेवा. १०० गाड्यांना आठ ते दहा पुरेत. एका गटात निदान सहा-सात गाड्या याव्यात. तीन गाड्यांच्या गटात तीन बक्षिसे दिली की बक्षिसाला किंमत उरत नाही. विभागणी दोन प्रश्नांवर करा: गाडी कोणत्या काळातली, आणि ती मूळ स्वरूपात आहे की बदललेली. मूळ रंग आणि मूळ आसने जपलेली गाडी आणि पूर्ण उघडून नव्याने बांधलेली गाडी एकाच गटात घालू नका. पहिलीचा गौरव तिच्या जुनेपणात असतो आणि दुसरीचा झळाळीत, त्यामुळे एकाच गुणपत्रिकेवर पहिली नेहमी हरते. मोटारसायकली स्वतंत्र ठेवा. नोंदणीनंतर एखादा गट ओस पडला तर तो शेजारच्या गटात मिसळण्याचा हक्क आयोजकांनी राखून ठेवावा आणि तसे छापावे.

नोंदणीपत्र एका पानात बसले पाहिजे: मालकाचे नाव आणि फोन, आपत्कालीन संपर्क, गाडीची कंपनी, मॉडेल, निर्मितीवर्ष, वाहन क्रमांक, विमा चालू असल्याची नोंद, गट, ट्रेलरवर येणार का, कोणत्या क्लबबरोबर उभे राहायचे आहे. खाली नियम, दायित्वाची घोषणा, छायाचित्रांना संमती आणि सही. क्लबचा रकाना विसरू नका. एकत्र आलेल्या आठ मित्रांना शेजारी जागा मिळाली नाही तर ते स्वतःच गाड्या हलवू लागतात.

प्रत्येक गाडीसाठी एक कार्ड छापा: मोठा क्रमांक, मॉडेल, वर्ष, गट आणि मालकाला सांगायची असेल तर गाडीची दोन ओळींची हकिकत. कार्ड काचेच्या आत डॅशबोर्डवर ठेवायला सांगा, वायपरखाली लावले तर वाऱ्याने उडते.

परीक्षण

भांडणे झालीच तर इथे होतात, म्हणून पद्धत आधी जाहीर करा. १०० गुणांची साधी वाटणी अशी चालते: बाह्य भाग आणि रंग ३०, आतला भाग २०, इंजिनकक्ष २०, चाके आणि टायर १०, खालचा भाग १०, एकूण मांडणी आणि स्वच्छता १०. खालच्या भागासाठी कोणालाही जॅक लावू देऊ नका, टॉर्च मारून दिसेल तेवढेच पाहायचे.

एका गाडीला पाच मिनिटे धरली तर १०० गाड्यांना ५०० मिनिटे होतात. परीक्षकांच्या चार जोड्या असतील तर प्रत्येकीला २५ गाड्या, म्हणजे दोन तासांहून थोडे जास्त. एक गट पूर्णपणे एकाच जोडीने पाहायचा. एका जोडीचा हात सढळ असतो, दुसरीचा आखडता. अर्धा-अर्धा गट वाटला की निकाल गाडीवर न ठरता जोडीवर ठरतो. स्वतःची, नातेवाइकाची किंवा गिऱ्हाइकाची गाडी ज्या गटात आहे तो गट परीक्षकाने घेऊ नये. सुरुवातीला चारही जोड्यांनी एकच गाडी मिळून तपासावी आणि गुणांची तुलना करावी. त्या दहा मिनिटांत मापदंड बराच जुळतो. समान गुण पडले तर कोणता विभाग निर्णायक, हेही छापून ठेवा. परीक्षकाने गाडीला हात लावायचा नाही, दार-बोनेट मालकाने उघडायचे.

जाणकार परीक्षक मिळत नसतील तर गाडीवाल्यांनाच मत द्यायला लावा: प्रत्येकाला एक मतपत्रिका, प्रत्येक गटात स्वतःची सोडून एक पसंती. ही पद्धत कमी काटेकोर आहे, पण तिच्याबद्दल तक्रारी कमी येतात आणि पहिल्या वर्षाला ती पुरते.

गुणांची बेरीज दोन माणसांनी स्वतंत्रपणे करावी. त्याला पाऊण ते एक तास लागतो. तो वेळापत्रकात धरा.

त्या दिवशीची सकाळ

एक चालणारे वेळापत्रक: कार्यकर्ते ५:३० ला, गाड्यांचा प्रवेश ७:३० ते ९, प्रेक्षक आणि परीक्षण ९:३० पासून, परीक्षण १२ ला संपते, बक्षिसे १:३० ला, समारोप २:३० ला. परीक्षण सकाळी लवकर, कारण तेव्हा गर्दी विरळ असते. बक्षिसांची वेळ एक मिनिटही पुढे ढकलू नका. ती घसरली की गाडीवाले निघू लागतात आणि गर्दीतून गाड्या हलणे ही या कार्यक्रमातली सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

प्रवेशाचा हिशेब कागदावर करा. १०० गाड्या ९० मिनिटांत आत घ्यायच्या म्हणजे एका गाडीला मिनिटाहून कमी वेळ. फाटकावर टेबल टाकून अर्ज भरून घ्यायला चार मिनिटे लागली तर ९० मिनिटांत जेमतेम २२ गाड्या आत येतील आणि बाकीच्या रस्त्यावर उभ्या राहतील. रांगेत एक गाडी सात मीटर खाते, २० गाड्यांची रांग १४० मीटरची. शिवाय जुन्या गाड्यांना रांग सोसत नाही: गाडी सरकत-थांबत राहिली की रेडिएटरमधून हवा नीट जात नाही, इंजिन तापते, कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळीतले पेट्रोल वाफ होऊन गाडी बंद पडते, आणि मग मागची सगळी रांग अडते.

उपाय साधा आहे. आगाऊ नोंदणी झालेल्यांची वेगळी रांग, तिथे यादीत नावापुढे खूण आणि हातात कार्ड, २० ते ३० सेकंदांत मोकळे. ऐनवेळी आलेल्यांना आधी आत घेऊन जागेवर उभे करा आणि मग चालत नोंदणीच्या टेबलावर या म्हणून सांगा. कागदपत्रे फाटकावर तपासूच नका. रांगेची लांबी मैदानाच्या हद्दीत मावेल अशी नागमोडी वाट आखा. फाटकापासून जागेपर्यंत प्रत्येक वळणावर एक माणूस हवा, तो फक्त पुढच्या माणसाकडे बोट दाखवील. जागा आतल्या टोकापासून भरत या, फाटकाजवळून भरल्या तर नंतरच्या गाड्यांना आधीच्यांमधून वाट काढावी लागते.

कार्यकर्ते ३० च्या आसपास लागतील. फाटक आणि नोंदणीला आठ, गाड्या लावायला आठ, प्रेक्षकांच्या पार्किंगला सहा, पैशांना चार, उरलेले परीक्षकांच्या मदतीला आणि सफाईला. सगळ्यांना चकाकते जॅकीट, तीन-चार तासांची पाळी, पाणी आणि सावलीत बसायला जागा. नोंदणीच्या टेबलाजवळ एक पेटी ठेवा: जंप केबल, हवेचा पंप, ओढण्याची दोरी, पाना-पक्कड, रेडिएटरसाठी पाणी, पुठ्ठे आणि लाकडाचा भुसा. पुठ्ठे तेल गळणाऱ्या गाड्यांखाली सरकवायला, भुसा सांडलेले तेल शोषायला.

सुरक्षेचे नियम, ज्यांत सूट नाही

प्रेक्षक आत आल्यापासून समारोपापर्यंत एकही गाडी हलणार नाही. कोणाला निघावेच लागले तर पुढे एक आणि मागे एक असे दोन कार्यकर्ते चालतील आणि गाडी माणसाच्या चालीने जाईल. इंजिन चालू करून दाखवायचे असेल तर कार्यकर्त्याला बोलावून, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना ठोकळे लावून. टायर जाळणे आणि उगाच इंजिन गरगरवणे याला पहिल्याच वेळी बाहेरचा रस्ता. हा नियम सौम्यपणे लागू करता येत नाही.

अग्निशामक नळकांडी कुठल्याही गाडीपासून २० मीटरच्या आत, डोळ्यांना दिसतील अशी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवते. बोनेटमधून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नका, आत हवा शिरून भडका उडतो. फट ठेवून आत फवारा मारा. कोरडी पावडर आग विझवते, पण रंग आणि इंजिनला ती मागाहून त्रास देते, म्हणून थोडी कार्बन डायऑक्साइडची नळकांडीही ठेवा. विजेवरच्या गाडीच्या बॅटरीने पेट घेतला तर नळकांड्याने काही होत नाही: माणसे लांब करा आणि अग्निशमन दलाला बोलवा. प्रदर्शन बंदिस्त सभागृहात असेल तर टाकीत पाव भागाहून कमी इंधन, टाकीचे झाकण बंद आणि बॅटरीची तार काढलेली, अशा अटी बहुतेक ठिकाणी असतात.

स्वच्छतागृहे एका वेळी मैदानावर असणाऱ्या दर १०० माणसांमागे एक धरा, शिवाय चाकाची खुर्ची जाईल असे एक.

पैसे गोळा करणे

सगळ्यात जास्त रंगत आणणारी युक्ती म्हणजे पैशाचे मत. लोकांच्या पसंतीच्या ट्रॉफीसाठी एक लहान रक्कम म्हणजे एक मत, एका माणसाने कितीही मते द्यावीत. मालक स्वतःच्या गाडीला मते घेतात, त्यांचे नातेवाईक घेतात, मित्र चढाओढ लावतात, आणि सगळे निधीत जाते. ही ट्रॉफी परीक्षकांच्या निकालापासून पूर्ण वेगळी ठेवा. प्रत्येक गाडीपुढे डबा ठेवू नका, डबे नाहीसे होतात. एकाच टेबलावर क्रमांकांच्या पेट्या मांडा, मत विकत घेऊन चिठ्ठी पेटीत टाकायची. आघाडीवरच्या पाच गाड्यांची नावे दर अर्ध्या तासाने ध्वनिक्षेपकावरून सांगा. १२:३० ला मतदान बंद.

देणगीच्या पेट्या सीलबंद आणि क्रमांक घातलेल्या असाव्यात. दर तासाला दोघांनी मिळून त्या उचलायच्या, मोजायच्या, कागदावर दोघांच्या सह्या. सुरुवातीला दिलेले सुटे पैसे लिहून ठेवा, नाहीतर शेवटी तेही निधीत मोजले जातात आणि हिशेब जुळत नाही. क्यूआर कोड मोठा छापा आणि खाली खात्याचे नाव लिहा, म्हणजे पैसे पाठवणाऱ्याला खात्री करता येईल. कोणी त्यावर दुसरा कोड चिकटवला नाही ना, हे तासातासाला स्वतः स्कॅन करून पाहा. गर्दीत नेटवर्क मंदावते, म्हणून रोखीची सोय आणि पावतीपुस्तक प्रत्येक टेबलावर हवेच.

दुसऱ्या दिवसापासून

मैदान त्याच संध्याकाळी साफ करा आणि मालकाबरोबर एक फेरी मारून छायाचित्रे घ्या, अनामत तेव्हाच मागा. तेलाचे डाग भुशाने शोषून घ्या, गटारात धुऊन लावू नका. तेलकट भुसा साध्या कचऱ्यात टाकू नका, गॅरेजवाल्यांच्या तेलकट कचऱ्याबरोबर द्या.

आठवड्याभरात प्रायोजक, गाडीवाले आणि कार्यकर्ते यांना आभाराचे पत्र पाठवा. एकूण जमा, एकूण खर्च आणि संस्थेला दिलेली रक्कम, असे तीन आकडे त्यात असावेत. संस्थेला धनादेश देऊन पावती घ्या आणि ३० दिवसांत संपूर्ण हिशेब सगळ्यांना बघता येईल असा ठेवा, रक्कम अपेक्षेहून कमी असली तरी. नोंदणीची यादी जपून ठेवा आणि पुढची तारीख ठरली की सर्वांत आधी त्या यादीतल्या गाडीवाल्यांना कळवा.